सी वर्ल्डला निघण्याआधी

सी वर्ल्डच्या दिवसाची आखणी घरात सगळ्यांत कमी चालू शकणाऱ्या माणसापासून सुरू करावी. तिकिटं, पार्किंग, डबे, हे सगळं त्यानंतर. आमच्याकडे ते माणूस म्हणजे सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते. मालवण तालुक्यात समुद्राच्या काठाने आयुष्य गेलेल्या, टोपलीतला मासा लांबून ओळखणाऱ्या. आता मात्र गुडघे साथ देत नाहीत. सॅन डिएगोत मिशन बेच्या काठावरचं हे उद्यान सुमारे 190 एकरांचं आहे. उलटसुलट फिरत बसलं तर तरुण माणसाचेही पाय भरून येतात. म्हणून आदल्या आठवड्यात मी नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरते आणि पेन्सिलने एकच वाट आखते, शक्य तितकी मागे न फिरवणारी. वाटेत सावलीतली बाकं कुठे, स्वच्छतागृहं कुठे, याच्या खुणा करते. चाकाच्या खुर्च्या फाटकापाशी भाड्याने मिळतात, पण त्या मोजक्याच असतात, म्हणून दार उघडायच्या वेळेला तिथे हजर राहायचं. खुर्चीत बसायला आई सुरुवातीला तयार नसतात. त्यावर आमच्या घरात निघालेला तोडगा असा, की सकाळी खुर्चीत पिशव्या बसतात आणि दुपारी आई बसतात. कोणाचा मान जात नाही आणि दुपारनंतर कोणी मागे राहत नाही.

दिवस कोणता निवडायचा, याचं उत्तर आपल्या पाहुण्यांच्या बाबतीत सोपं आहे. नाशिकहून नणंद आणि तिची मुलं मे महिन्याच्या सुट्टीत येतात, तेव्हा इथल्या शाळा अजून चालू असतात. मंगळवार किंवा बुधवार धरला की रांगा आखूड असतात आणि तिकीटही बहुधा स्वस्त पडतं. माझ्या मुलांना त्या दिवशी शाळेतून रजा काढावी लागते. ती मी बिनदिक्कत काढते. मे-जूनमध्ये समुद्रावरून आलेले ढग सकाळी शहरावर बसून राहतात, उन्हाचा पत्ता नसतो, आणि भारतातून आलेली मंडळी कॅलिफोर्नियाच्या भरवशावर पातळ कपड्यांत निघतात. प्रत्येकाला स्वेटर घ्यायला लावावा. दुपारी तेच ढग विरतात आणि ऊन चांगलंच लागतं, तेव्हा टोप्याही हव्यात.

रोलरकोस्टरसाठी उंची घरीच मोजावी. मँटाला 48 इंच लागतात, एम्पररला 52. भिंतीवर पेन्सिलने दोन रेघा ओढल्या की कोण कशावर बसणार हे आदल्या रात्रीच ठरतं. अर्धा तास रांगेत उभं राहून पट्टीपाशी परत पाठवलेल्या मुलाची समजूत तिथे, त्या गर्दीत, कोणालाही घालता येत नाही. डब्याचंही तसंच. बाहेरचं जेवण आणि कूलर आत नेऊ देत नाहीत. पाण्याची बाटली आणि लहानग्यांचा खाऊ चालतो. आत शाकाहारी माणसाला पोटभर मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून घावणे आणि चटणी गाडीत ठेवायची, आणि परत आत येण्यासाठी काय करावं लागेल ते बाहेर पडताना फाटकावर विचारून घ्यायचं. दुपारच्या जेवणाला गाडीपाशी आल्यामुळे आईंची अर्ध्या तासाची विश्रांती आपोआप होते.

आता खरं काम. त्या दिवशीचं वेळापत्रक फोनवर मिळतं: डॉल्फिन, सी लायन, ओर्का यांचे खेळ कधी, कुठे. बहुतेक कुटुंबं हे सगळे खेळ ओळीने गाठायच्या मागे लागतात आणि संध्याकाळी मुलांना काय पाहिलं ते विचारलं तर गर्दी आणि धावपळ एवढंच आठवतं. मी उलट करते. तीन प्राणी निवडायचे, प्रत्येकापाशी निदान अर्धा तास थांबायचं, आणि खेळ वाटेत आला तर पाहायचा. मुलं पहिली पाच मिनिटं कुरकुरतात. त्यानंतर त्यांना दिसायला लागतं.

पाकटांच्या उथळ टाक्यापाशी हे सर्वांत चांगलं कळतं. इथे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या पाकटांना हात लावता येतो. आधी हाताचं सनस्क्रीन धुऊन टाकायचं, कारण ते पाण्यात उतरतं. मग हात सपाट करून पाण्यात ठेवायचा आणि हलवायचा नाही. पाठलाग करणाऱ्या हाताखालून पाकट निसटून जाते. स्थिर हातापाशी ती स्वतः येते आणि तिच्या पंखाची कड बोटांना लागते, गिळगिळीत आणि थंड. सासूबाईंनी पहिल्यांदा हात घातला तेव्हा म्हणाल्या, "पाकट ना गो ही?" आणि मग नातवंडांना तिथल्या तिथे सांगत सुटल्या, की वाळूत कशी गाडून घेते, शेपटीचा काटा कुठे असतो, पाय घासत का चालायचं. तिथे नेमलेली मुलगी जे इंग्रजीत सांगत होती, नेमकं तेच. मे महिन्याच्या त्या सकाळी आमच्या घोळक्यात सर्वांत जास्त माहिती आईंकडे होती. माझ्या मुलांनी आजीला असं त्याआधी पाहिलं नव्हतं. आजी-आजोबांना सोबत न्यायचं हे मला सगळ्यांत मोठं कारण वाटतं, आणि म्हणूनच वाट त्यांच्या गुडघ्यांच्या मापाने आखायची.

पेंग्विनांचं घर आमच्या यादीत दुसरं. इथे बर्फ आहे, थंडी आहे, आणि मे ते ऑगस्टमध्ये गेलात तर अंधारही आहे. लोक आत डोकावतात, "काही दिसत नाही" म्हणतात आणि दोन मिनिटांत बाहेर पडतात. दिवे मुद्दाम मंद ठेवलेले असतात. आतला उजेड अंटार्क्टिकाच्या ऋतूंप्रमाणे कमी-जास्त होतो, आणि आपल्या उन्हाळ्यात तिकडे हिवाळ्याची लांब रात्र असते. पिसं कधी झाडायची, जोडी कधी जमवायची, अंडं कधी घालायचं, हे पेंग्विन त्या उजेडावरून ठरवतात. काचेला नाक लावून थांबलं की डोळे अंधाराला सरावतात आणि आधी पांढरी पोटं, मग माना, मग एम्परर पेंग्विनांच्या मानेवरचा पिवळा पट्टा दिसू लागतो. अंटार्क्टिकाच्या बाहेर एम्परर पेंग्विनाचं पिल्लू जगात पहिल्यांदा जन्मलं ते इथे, 1980 मध्ये. 2023 च्या सप्टेंबरात, बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर, पुन्हा एक पिल्लू अंड्यातून बाहेर आलं. मादी समुद्रात असताना एम्परर नर अंडं पायांवर घेऊन, पोटाच्या घडीखाली झाकून, सुमारे दोन महिने उपाशी उभा राहतो. हे अंधारात उभं राहून सांगितलं की लहान मुलंही हळू आवाजात बोलायला लागतात.

तिसरी जागा बचावलेल्या प्राण्यांची. कंपनीच्या हिशेबाप्रमाणे तिच्या सर्व उद्यानांनी मिळून आतापर्यंत 40,000 हून अधिक प्राण्यांना मदत केली आहे. सॅन डिएगोत येणाऱ्यांत सी लायन सर्वांत जास्त. या किनाऱ्यावर काही वर्षी समुद्री शैवालाचा बहर येतो, त्यात डोमोइक आम्ल नावाचं विष तयार होतं, ते तारल्यांसारख्या छोट्या माशांत जमा होतं, आणि ते मासे खाऊन सी लायन झटके येत किनाऱ्यावर पडतात. काही वाचतात, काहींच्या मेंदूला कायमची इजा होते. मुलांना मी जेजेची गोष्ट सांगते. 1997 च्या जानेवारीत लॉस एंजेलिसजवळ मरिना डेल रे इथे ग्रे व्हेलचं नुकतं जन्मलेलं पिल्लू किनाऱ्याला लागलं. ट्रकमधून ते इथे आणलं, नळीने दूध पाजून वाढवलं आणि 1998 च्या मार्चअखेर समुद्रात सोडलं, तेव्हा त्याचं वजन 8 टनांच्या पुढे गेलं होतं. एवढा मोठा प्राणी असा वाढवून परत सोडल्याचं त्याआधी घडलं नव्हतं. पडद्यामागचं काम दाखवणारी फेरी वेगळ्या तिकिटावर मिळते. पैसे एकाच गोष्टीवर जास्त घालवायचे असतील तर ते इथे घालवावेत, रांग टाळणाऱ्या पासावर नव्हे.

राहिला ओर्का. याची तयारी पिशवीत भरता येत नाही. ती आदल्या रात्री मुलांशी बोलून करावी लागते. हे उद्यान 1964 च्या मार्चमध्ये उघडलं आणि पुढच्याच वर्षी शामू ही ओर्का आली. वॉशिंग्टन राज्यातल्या प्यूजेट साउंडमध्ये तिला पकडलं, त्या वेळी तिच्या आईचा जीव गेला. शामू 1971 मध्ये मेली, पण तिचं नाव पुढच्या कित्येक ओर्कांना मंचावर लावलं गेलं. 2010 मध्ये ऑर्लँडोच्या उद्यानात टिलिकम नावाच्या नराने डॉन ब्रॅंचो या प्रशिक्षिकेचा जीव घेतला. 2013 मध्ये त्यावर ‘ब्लॅकफिश’ हा माहितीपट आला आणि लोकांचं मत फिरलं. 2016 च्या मार्चमध्ये कंपनीने ओर्कांची पैदास थांबवल्याचं जाहीर केलं, त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदाही केला, आणि 2017 मध्ये सॅन डिएगोत उड्या-संगीताच्या जुन्या खेळाऐवजी ओर्कांची माहिती देणारा कार्यक्रम सुरू झाला.

हे सगळं दहा वर्षांच्या मुलाला कळतं. माझ्या मुलीने विचारलेला प्रश्न साधा होता: ते पोहून जातात कुठे? खुल्या समुद्रात ओर्का एका दिवसात 100 किलोमीटर सहज पार करतात, मायलेकरं आयुष्यभर एका कळपात राहतात. टाकी कितीही मोठी बांधली तरी त्यातलं काही तिच्यात मावत नाही. बंदिवासातल्या नरांच्या पाठीवरचा पर एका बाजूला कललेला दिसतो, तोही मुलांना दाखवावा. माझं मत स्पष्ट आहे: ओर्का इथे आणायलाच नको होते. जे आहेत ते बंदिवासातच जन्मलेले किंवा दशकानुदशकं बंदिवासात राहिलेले आहेत, त्यांना उचलून समुद्रात सोडणं सोपं नाही, आणि ही शेवटची पिढी आहे. एवढं सांगून त्या प्रेक्षागृहात शिरायचं की नाही हे मी मुलांवर सोडते. एका वर्षी मुलीने नको म्हटलं, भाच्याने हो म्हटलं. दोघंही मनापासून. जाणार असलात तर पुढच्या रांगा भिजण्यासाठी राखलेल्या असतात आणि ते पाणी खारट, गार असतं, म्हणून कोरडे कपडे जवळ ठेवा.

आईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना आपल्याकडचं आठवलं. मालवण तालुक्यात तोंडवळी-वायंगणीला सी वर्ल्डसारखाच प्रकल्प आणायचं राज्य सरकारने ठरवलं होतं आणि गावकऱ्यांनी जमिनी द्यायला कडाडून विरोध केला. डॉल्फिन बंदिस्त ठेवून त्यांचे खेळ करण्याला केंद्र सरकारने 2013 च्या मे महिन्यात देशभर मनाई केली, तेव्हा टाकीतले डॉल्फिन तिथे दिसणार नाहीत. त्याची गरजही नाही. देवबाग-तारकर्लीच्या समुद्रात ते मोकळे फिरतात. तिथे होडीत बसलात तर तांडेलाला इंजिन मंद ठेवायला आणि कळपाच्या मागे न लागायला आवर्जून सांगा.

सॅन डिएगोतही मोकळे प्राणी आहेत, आणि सी वर्ल्डच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाहिल्याशिवाय पाहुण्यांना मी परत जाऊ देत नाही. गाडीने थोड्याच अंतरावर ला होया आहे. तिथल्या खडकांवर सी लायन आणि शेजारच्या चिल्ड्रन्स पूल नावाच्या छोट्या किनाऱ्यावर हार्बर सील पहुडलेले असतात. पाहायला पैसे पडत नाहीत, वरच्या कठड्यापर्यंत चाकाची खुर्ची जाते, आणि वास आईंना अजिबात खटकत नाही. चिल्ड्रन्स पूलची वाळू सीलांच्या विणीसाठी 15 डिसेंबर ते 15 मे लोकांना बंद असते. पॉइंट ला होयाचे खडक 2023 पासून वर्षभर बंद आहेत, कारण लोक पिल्लांना हात लावत होते, त्यांच्याशेजारी उभे राहून फोटो काढत होते. सूचना निदान 50 यार्ड, म्हणजे सुमारे 45 मीटर लांब राहायची आहे. आपल्या मुलांनाही ती पाळायला लावा. आणि किनाऱ्यावर एकटं पिल्लू दिसलं तर ते सोडून दिलेलं आहे असं धरू नका, त्याची आई बहुधा मासे पकडायला गेलेली असते. त्याला पाण्यात ढकलू नका, त्याच्यावर पाणी ओतू नका. लांब उभे राहा आणि जीवरक्षकाला बोलवा.