लायब्ररीच्या नोंदी : लिहायच्या आपण, ठेवायच्या वापरणाऱ्याने
(लेखमाला : पायथनची लायब्ररी घडवताना)

इंदूरच्या राजेंद्र नगरपासून जवळच राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. तिथल्या इंडस-२ यंत्राच्या सुमारे १७२ मीटर परिघाच्या कड्यात २.५ गिगा इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेपर्यंत नेलेले इलेक्ट्रॉन फिरत असतात. अशा यंत्रातला झोत अचानक गेला की पहिला प्रश्न एकच : आधी काय बंद पडलं? चुंबकांचा वीजपुरवठा, निर्वात पंप की रेडिओ-लहरींची यंत्रणा? एक गेलं की मागोमाग बाकीचीही जातात. कोण आधी गेलं हे सांगते ती फक्त वेळेसकट झालेली नोंद.

लायब्ररीत जागोजागी प्रिंट पेरणारे हीच नोंद गमावतात. प्रिंट वेळ सांगत नाही, गांभीर्य सांगत नाही, कुठल्या मॉड्यूलमधून ओळ आली तेही सांगत नाही. म्हणून विनय सजीप आणि ट्रेंट मिक यांच्या २८२ क्रमांकाच्या प्रस्तावातून लॉगिंग मॉड्यूल आलं आणि २००३ मध्ये पायथन २.३ सोबत सगळ्यांच्या हाती पडलं. डीबग, इन्फो, वॉर्निंग, एरर, क्रिटिकल या त्याच्या पाच पायऱ्या. त्यांचे आकडे १० ते ५०.

आता मुद्द्याचं. समजा, तुम्ही तिथी काढणारी एक लायब्ररी लिहिली आणि इम्पोर्ट होतानाच तिच्यात बेसिक-कॉन्फिग बोलावलं. पुण्यातला कुणी ती आपल्या पंचांगाच्या ॲपमध्ये घेतो आणि नंतर नोंदी फाइलमध्ये जाव्यात म्हणून स्वतःचं बेसिक-कॉन्फिग लिहितो. फाइल तयारच होत नाही. एररही येत नाही. मूळ लॉगरला हँडलर आधीच लागलेला असेल तर ही दुसरी हाक मुकाट्याने सोडून दिली जाते. बिचारा स्वतःच्याच कोडमध्ये चूक शोधत बसतो. मला हा लायब्ररीकाराचा सरळ अन्याय वाटतो.

लायब्ररीने करायचं ते थोडंच आहे. प्रत्येक मॉड्यूलमध्ये त्या मॉड्यूलच्याच नावाचा लॉगर घ्यायचा, आणि पॅकेजच्या सर्वांत वरच्या लॉगरला नल-हँडलर लावायचा. तो काहीच लिहीत नाही. पण तो नसला आणि वापरणाऱ्यानेही काही ठरवलेलं नसलं, तर वॉर्निंग आणि त्यावरच्या नोंदी थेट त्याच्या पडद्यावर येऊन पडतात. मजकुरात किमती आधीच जोडून ठेवू नका, वेगळ्या द्या. ती पायरी बंद असेल तर वाक्य जुळवण्याचं काम वाचतं. आणि एक्सेप्शन फेकणारच असाल तर एररची नोंद करू नका. तोच बिघाड दोनदा दिसतो आणि माणूस दोन बिघाड शोधू लागतो.

एवढं करूनही बहुतेक जण दस्तऐवजात लॉगिंगबद्दल एक ओळ लिहीत नाहीत. वास्तविक लॉगरचं नाव म्हणजे वापरणाऱ्याला दिलेला शब्द. रिक्वेस्ट्स या लायब्ररीच्या पोटात पूर्वी यूआरएललिब३ ठेवलेलं असे आणि त्याच्या लॉगरच्या नावाआधी रिक्वेस्ट्सचं नाव लागे. २०१७ मध्ये ते बाहेर काढलं, नाव बदललं, आणि जुन्या नावावर लावलेल्या गाळण्या बिनबोभाट निकामी झाल्या. म्हणून नावं लिहा, कुठल्या पायरीवर काय दिसेल ते लिहा. डीबगमध्ये पासवर्ड किंवा कुणाची जन्मवेळ उमटू देऊ नका. उमटणारच असेल तर तसा इशारा ठळक द्या.

नोंदी चालू कशा करायच्या त्याचा नमुनाही द्या. डिक्ट-कॉन्फिग वापरत असाल तर त्यात ‘डिसेबल एक्झिस्टिंग लॉगर्स’ फॉल्स लिहायला विसरू नका. ते मुळात ट्रू असतं, आणि लायब्ररी आधी इम्पोर्ट झालेली असेल तर ज्या लॉगरांचं किंवा (मूळ लॉगर सोडून) त्यांच्या वरच्या कुठल्याही लॉगरचं नाव त्या रचनेत नाही, ते सगळे तिथल्या तिथे गप्प होतात.