परभणीचं नाव आणि आपले कागद

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आपण हसत हसत म्हणतो. पण परभणी हे नाव आलं कुठून, हा प्रश्न आमच्या गटाच्या बैठकीत निघाला तो एका अडचणीमुळं.

झालं असं की गटातल्या एका ताईचं माहेर वसमतकडचं. शाळेच्या दाखल्यावर ‘जि. परभणी’ लिहिलेलं. दाखला घेऊन ती परभणीला गेली तर म्हणाले, वसमतला जा. तिथल्या एका कचेरीत विचारलं, कागदावर परभणी कसं? दोन दिवसांची मजुरी बुडाली, एसटीचं भाडं गेलं ते वेगळंच.

चूक तिची नव्हती. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ हे पाच तालुके तिकडं गेले. त्याआधी १९८१ साली जालना जिल्हा झाला, तेव्हा परतूर असंच गेलं होतं. माणसं जागेवरच, जिल्हा तेवढा बदलला.

त्याच्याही मागं गेलं तर आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. सरकारी कारभार उर्दूत, म्हणून आजोबांच्या काळातले जमिनीचे कागद आपल्याला वाचता येत नाहीत. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि १ मे १९६० पासून आपण महाराष्ट्रात.

परभणी हे नाव मात्र एका देवीचं. प्रभावती देवीच्या देवळावरून गावाला प्रभावतीनगरी म्हणत आणि बोलता बोलता त्याचं परभणी झालं, असं सांगतात. आपल्या झरीचा अर्थ तर साधाच, झरी म्हणजे झरा. पण यवतमाळ जिल्ह्यात झरी जामणी नावाचा तालुकाच आहे, तेव्हा पत्त्यात ‘ता. जि. परभणी’ लिहायला विसरू नका.

त्या ताईनं मग अर्जात लिहिलं, ‘तत्कालीन जि. परभणी, सध्या जि. हिंगोली’, आणि काम पुढं सरकलं. ज्यांचं माहेर तिकडचं आहे त्यांनी आपले दाखले आजच काढून बघा. जुन्या कागदावर खाडाखोड करू नका, तो जसा आहे तसाच जपून ठेवा. पुढच्या बैठकीला येताना सोबत आणा, मिळून वाचू.