पायरीची कड

मार्चमधली पहाट. वाराणसीच्या सिंधिया घाटावर, म्हणजे ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या घाटावर, बुरुजाच्या कठड्याशी तिपाई रोवून मी खालच्या पायऱ्यांचे फोटो काढत होतो. खाली रत्नेश्वराचं कललेलं देऊळ. झिजलेल्या पायऱ्यांचं रेखाचित्र मला संगणकाकडून काढून घ्यायचं होतं.

संगणकाला पायरी दिसत नाही, आकडे दिसतात: काळ्याला 0, पांढऱ्याला 255. शेजारच्या ठिपक्यांत आकडा एकदम बदलला की तिथे कड. जॉन कॅनी यांनी 1986 साली मांडलेली रीत आजही सर्रास वापरतात. आधी फोटो किंचित धूसर करायचा, म्हणजे चुनारच्या दगडाचा रवा कड म्हणून उमटत नाही. मग आकड्यांतला फरक मोजायचा आणि जाड पट्ट्यातले सर्वांत ठळक ठिपके ठेवून रेघ बारीक करायची. शेवटी दोन उंबरठे. मी 50 आणि 150 ठेवले. वरचा ओलांडणारी रेघ पक्की. नुसता खालचा ओलांडणारी रेघ पक्क्या रेघेला जोडलेली असेल तरच टिकते.

घाटाचं तोंड पूर्वेला. कोवळं ऊन पायऱ्यांच्या उभ्या भागावर थेट पडलं, आडवा भाग मंद राहिला आणि रेघा सुरेख उमटल्या. साडेनऊच्या सुमारास मात्र निम्म्या रेघा नाहीशा झाल्या. उंबरठे खाली आणले, तर पायऱ्यांऐवजी ओलीचे डाग आणि शेवाळाच्या कडा उमटल्या.

मग पडद्यावरून नजर काढून पायऱ्यांकडेच पाहिलं. सूर्य साधारण 45 अंशांवर चढला होता. उभ्या आणि आडव्या भागावर सारखंच ऊन होतं, म्हणून आकडेही सारखेच. दोष उंबरठ्यांचा नव्हता. दुपारी रेघा परतल्या. आता आडवा भाग उजळ होता आणि उभा मंद. उजेड उलटला, तरी कड जागच्या जागी होती.

तिपाई हलवली नव्हती, त्यामुळे सकाळच्या आणि दुपारच्या रेघा एकावर एक ठेवता आल्या. दोन्हींत असलेल्या तेवढ्याच राखल्या. छत्र्यांच्या सावल्या सरकल्या होत्या, त्यांच्या कडा गळून पडल्या. उरलेले तुकडे जोडत गेलो, तशी एकेका पायरीची बाह्यरेषा पुरी झाली: दोन्ही टोकांना सरळ, मधे किंचित खोलगट. गंगेवर उतरणाऱ्या पावलांनी घासलेला तो बाक एका वेळच्या उजेडात मला मिळाला नसता.