विरत जाणारा स्वर : घरगुती ध्वनिमुद्रणात ‘फेड आउट’ कोठे द्यावा?

संगणक, मायक्रोफोन आणि एक छोटा कीबोर्ड एवढ्या सामग्रीवर आज घरच्या खोलीत भजन किंवा भावगीत ध्वनिमुद्रित करता येते. गायन उत्तम होते, तालही जमतो. अडचण येते ती शेवटी. गायकाचा आवाज हळूहळू विरत नेला, तरी मागचा तानपुरा तसाच घुमत राहतो. इतका वेळ जमलेला भाव त्या काही सेकंदांत विस्कटतो.

याचे कारण ट्रॅकच्या स्वरूपात आहे. मायक्रोफोनने टिपलेल्या ट्रॅकमध्ये प्रत्यक्ष ध्वनी साठवलेला असतो. सॉफ्टवेअर वाद्याच्या ट्रॅकमध्ये मात्र ध्वनी नसतो, सूचना असतात : कोणता स्वर, केव्हा, किती जोराने आणि किती वेळ. 1983 साली रूढ झालेल्या ‘मिडी’ पद्धतीने या सूचना लिहिल्या जातात आणि ध्वनी वाजवण्याच्या क्षणी निर्माण होतो. म्हणूनच ध्वनीच्या तुकड्याचे टोक ओढून फेड देण्याची जी सोय काही सॉफ्टवेअरमध्ये असते, ती अशा ट्रॅकवर सहसा मिळत नाही.

अशा वेळी अनेकजण स्वरांची ‘व्हेलॉसिटी’, म्हणजे आघाताचा जोर, 127 पासून खाली आणत जातात. हा उपाय फसवा आहे. व्हेलॉसिटी स्वराच्या आरंभीच ठरते. सोळा मात्रा धरून ठेवलेला स्वर त्यामुळे मध्येच मंदावत नाही. शिवाय पियानोसारख्या वाद्यात आघात हलका झाला की आवाजाचा पोतही बदलतो. वाद्य दूर जात असल्याचा भास होण्याऐवजी वादकच दबकत वाजवू लागल्यासारखे वाटते.

योग्य मार्ग व्हॉल्यूम ऑटोमेशनचा. गॅरेजबँडमध्ये ‘ए’ ही कळ दाबली की ट्रॅकवर आवाजाची रेषा दिसते. तिच्यावर बिंदू देऊन ती उतरती करावी. वाद्यातून ध्वनी निर्माण झाल्यानंतर ही रेषा काम करते, त्यामुळे वाद्याचा पोत बदलत नाही. मात्र एकदा ऑटोमेशन दिले की त्या ट्रॅकचा फेडर हाताने हलवून उपयोग नसतो. तो पुन्हा रेषेने ठरवलेल्या जागी जातो. म्हणून सर्व ट्रॅकांचा परस्पर तोल आधी साधावा आणि फेड शेवटी द्यावा.

संपूर्ण गाणेच विरवायचे असेल, तर प्रत्येक ट्रॅक स्वतंत्रपणे उतरवू नये. प्रत्येक रेषा थोडी वेगळी पडते आणि गायन आधी संपून तबला मागे उरतो. त्याऐवजी मास्टर ट्रॅकवर एकच फेड द्यावा. सर्व वाद्ये आपला तोल राखून एकत्र मावळतात.

फेडची लांबी सेकंदांपेक्षा आवर्तनांत मोजलेली बरी. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत केरव्याचे आठ मात्रांचे आवर्तन चार सेकंदांचे होते. तीन आवर्तने म्हणजे बारा सेकंद. उताराचा आकारही महत्त्वाचा. आवाज सुमारे 10 डेसिबलने उतरला की कानाला तो निम्मा झाल्यासारखा वाटतो. म्हणून पहिल्या आवर्तनात सुमारे 6 डेसिबल, दुसऱ्याच्या अखेरीपर्यंत एकूण 18 डेसिबल आणि तिसऱ्यात पूर्ण शांतता, असा उतार देऊन पाहावा. फाईल तयार करताना शेवटी एक-दोन आवर्तनांची रिकामी जागा ठेवावी, म्हणजे रिव्हर्बची आस मध्येच तुटत नाही.

ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्ट यांच्या ‘द प्लॅनेट्स’ या 1918 साली प्रथम सादर झालेल्या रचनेतील अखेरच्या ‘नेपच्यून’ या भागात स्त्रियांचा गायकवृंद शेजारच्या खोलीत बसतो. शेवटी त्या खोलीचे दार सावकाश, आवाज न करता बंद केले जाते आणि स्वर दूर जात नाहीसे होतात. तेथे गायिका दबकत गात नाहीत. त्यांच्या आणि श्रोत्यांच्या मधले दार मिटते. व्हॉल्यूम ऑटोमेशन नेमके तेच दार आहे.

अर्थात प्रत्येक गाण्याला या दाराची गरज नसते. तिहाई घेऊन समेवर थांबणाऱ्या बंदिशीला फेड दिला, तर रचनेचा नेमका शेवटच हरवतो. ध्रुवपद पुन्हा पुन्हा येत राहते, नामजप चालूच राहतो, अशा ठिकाणी विरत जाणारा शेवट शोभतो. काम संपल्यावर तो हेडफोनवर आणि मग मोबाईलच्या लहान स्पीकरवरही ऐकावा. मोबाईलवर शेवटचे आवर्तन ऐकूच आले नाही, तर उतार थोडा उशिरा सुरू करावा.