दुकानाच्या हिशेबाबरोबर देहाचीही वही ठेवा

किराणा, कापड, भंगार, बेकरी, धंदा कोणताही असो, आपला व्यापारी रात्री गल्ला मोजल्याशिवाय दुकान बंद करीत नाही. कोणाकडे किती उधारी, कोणता माल संपत आला, बँकेचा हप्ता कधी, हे त्याला तोंडपाठ असते. पण तुमचे वजन किती, असे विचारले तर "असेल सत्तर-पंच्याहत्तर" असे उत्तर मिळते. कमरेचे माप विचारले तर तो शिंप्याकडे बोट दाखवितो.

दिवसभर गादीवर बैठक, दुपारचे जेवण चारला, प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर गोड चहा आणि रात्री अकराला भरपेट जेवण. हा दिनक्रम पोटावर दिसतोच, रक्तातही उतरतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. आपली बरीचशी दुकाने एकाच माणसाच्या जिवावर चालतात. तो अंथरुणाला खिळला की आधी वसुली थांबते आणि मग भांडवल दवाखान्यात जाते. म्हणून वजनाचा हा विषय आम्ही व्यापाराच्या पानावर घेत आहोत.

काटा खरा आहे का?

वही ठेवायची तर पहिले साधन वजनकाटा. महागड्या काट्याची गरज नाही; तो दर वेळी सारखे दाखवील एवढे पुरे. दुकानातील काटा आपण पडताळणी व मुद्रांकन करून घेतो, घरातला कोणी तपासत नाही. व्यापाऱ्याजवळ त्यासाठी सोपा उपाय आहे. काट्यावर आधी रिकाम्या हाताने उभे राहावे, मग दुकानातील मुद्रांकित २० किलोचे माप हातात घेऊन. फरक बरोबर २० किलो आला तर काटा विश्वासाचा. काटा गादीवर किंवा सतरंजीवर न ठेवता सपाट फरशीवर ठेवावा.

मापात मारणाऱ्यांना पवित्र कुरआनच्या सूरह मुतफ्फिफीनमध्ये कडक इशारा दिलेला आहे. ग्राहकाच्या बाबतीत आपण तो लक्षात ठेवतो. स्वतःच्या बाबतीतही मापात लबाडी नको. सकाळी शौचानंतर, नाश्त्यापूर्वी, हलक्या कपड्यांत वजन घ्यावे आणि जो आकडा येईल तोच लिहावा.

रोजची विक्री नव्हे, आठवड्याची शिल्लक पाहा

लग्नाची बिर्याणी खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी काटा किलोभर जास्त दाखवितो. ती एका रात्रीत चढलेली चरबी नसते. मिठामुळे साठलेले पाणी आणि पोटातील अन्न असते. एका दिवसाच्या मंदीवरून कोणी दुकान विकत नाही, तसेच एका आकड्यावरून निराश होऊ नये. सात दिवसांची सरासरी काढून मागच्या आठवड्याशी ताळा करावा. आठवड्याला अर्धा किलो उतरत असेल तर गाडी रुळावर आहे.

उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन ८२ किलो असलेल्या माणसाचे उदाहरण घेऊ. वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की सुमारे ३० हा आकडा येतो. भारतीयांसाठी २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. या माणसाने एकदम ६५ किलोचे स्वप्न पाहू नये. पाच टक्के, म्हणजे चार किलो कमी केले तरी रक्तदाब व साखरेवर चांगला परिणाम होऊ शकतो.

दुसरे साधन शिंप्याची टेप. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता माप घ्यावे. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे धोका वाढतो. महिन्यातून दोनदा मापले तरी चालेल. चालणे सुरू केल्यावर कधी काटा हलत नाही, पण टेप सैल होते.

यंत्रे घेताना

रक्तदाबाचे यंत्र मनगटाचे न घेता दंडाचे घ्यावे आणि पट्टा दंडाच्या मापाचा असावा. पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, हात छातीच्या पातळीवर ठेवून एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त येत राहिली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे.

साखर मोजण्याच्या यंत्राचा व्यवहार नीट समजून घ्या. यंत्र एकदाच घ्यावे लागते, पट्ट्यांचा खर्च मात्र कायमचा. म्हणून खरेदीपूर्वी पट्ट्यांचा भाव व मुदत पाहावी. मधुमेह नसलेल्याने केवळ वजनासाठी रोज बोट टोचण्याचे कारण नाही. मधुमेहींनी रमजानपूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असा वैद्यकीय सल्ला आहे.

प्रत्येक घट नफा नव्हे

काही न करता वजन उतरू लागले, तहान वाढली, लघवीला वारंवार जावे लागले, तर खूश होऊ नका. ते मधुमेहाचे लक्षण असू शकते. महिन्यात दहा किलो उतरविण्याची हमी देणाऱ्या पावडरीही घेऊ नका. अशी हमी आपण आपल्या मालाची तरी देऊ का?

अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झालेल्या एका नोंदवहीत, साडेतेरा किलोहून अधिक वजन घटवून ते किमान वर्षभर टिकविलेल्यांच्या सवयी नोंदविल्या गेल्या. त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश लोक आठवड्यातून एकदा तरी वजन करीत होते. काटा वजन उतरवीत नाही, पण चढू लागले तर वेळेवर सांगतो.

तारीख, वजन, कंबर, रक्तदाब आणि चालण्याची मिनिटे, एवढे पाच रकाने पुरेत. देह ही अल्लाहने दिलेली अमानत आहे. व्यापारी बांधवांनी आजच एक वही गल्ल्याशेजारी ठेवावी, आणि घरातील भगिनींचा रकानाही तीत अवश्य काढावा.