चौकट : दीडशेपैकी एकशे एकोणपन्नास

बुलढाणा म्हटले की लोणारचे सरोवर, सिंदखेड राजाचा वाडा, फार तर शेगावची कचोरी. या यादीत धनुष्यबाणाची भर घातली प्रथमेश जावकरने.

मे २०२३. शांघायचा विश्वचषक, समोर जागतिक क्रमवारीतला पहिला, नेदरलँड्सचा माइक श्लोसर. पन्नास मीटरवरचे दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम आठ सेंटिमीटर व्यासाचे, बाण पंधरा. एकोणीस वर्षांच्या प्रथमेशने चौदा बाण त्यात बसवले, एक नवावर गेला. निकाल १४९-१४८! ऑक्टोबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा आणि नागपूरचा ओजस देवतळे यांच्यासह त्याने सांघिक सुवर्णही मिळवले. अंतिम फेरीत दक्षिण कोरिया २३५-२३० असा हरला.

हा प्रकार कंपाऊंडचा. धनुष्याच्या टोकांना कप्प्या असतात, त्यामुळे दोरी पूर्ण ताणल्यावर हातावरचा भार बराच उतरतो आणि नेम धरायला उसंत मिळते. (म्हणून सोपा समजू नये, इथे एक नऊही महागात पडतो.)

ऑलिम्पिकचे दार मात्र कंपाऊंडला आजवर बंद होते. २०२८च्या लॉस एंजेलिसमध्ये ते उघडेल, तेही फक्त मिश्र सांघिक गटापुरते : एक पुरुष, एक महिला.