लाल महालाची रात्र, पाटावर

दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे सण सरला की खोक्यात जातात. त्याच मावळ्यांवर वर्षभर खेळता येईल असा एक डाव इथे सविस्तर सांगतो. डाव वेषांतराचा आहे. शत्रूच्या छावणीत त्याचेच शिपाई बनून शिरायचे.

मराठ्यांचे एक नावाजलेले रणांगण म्हणजे जामखेड तालुक्यातले खर्डा. मार्च १७९५ मध्ये तिथे मराठ्यांनी निजामाला हरवले. पण ती उघड्या मैदानातली लढाई होती, दोन्हीकडे कवायती पलटणी आणि तोफा होत्या. सोंग घ्यायला तिथे जागा नव्हती. म्हणून हा डाव पुण्यात मांडायचा, ५ एप्रिल १६६३ च्या रात्री.

बाहुल्यांच्या लढाईत वेषांतर आणणे अवघड जाते, कारण दोन्ही खेळाडूंना सगळा पट दिसत असतो. माझ्या मावळ्यांना मोगली रंग दिला, तरी ते मी मांडलेले तुम्ही पाहिलेलेच असते. यावरचा उपाय प्रशियाच्या सैन्यात सापडला. राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने १८२४ मध्ये अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी युद्धाच्या खेळाचे नियम छापले. त्यात दोन सेनापतींच्या मध्ये एक पंच बसे. खरी स्थिती फक्त त्याला ठाऊक असे, आणि सेनापतीला प्रत्यक्ष रणात जेवढे दिसले असते तेवढेच तो दाखवी. आपल्या डावातही पंच हवाच.

आता त्या रात्रीची हकिगत पाहू. शाहिस्तेखान लाल महालात राहत होता आणि भोवती त्याची प्रचंड छावणी होती. शिवाजी महाराज निवडक माणसे घेऊन त्या छावणीत शिरले. पहारेकऱ्यांनी हटकले तेव्हा, आम्ही बादशाही फौजेतलेच दख्खनी शिपाई, नेमून दिलेल्या जागी निघालो आहोत, असे उत्तर दिल्याचे सांगतात. हे उत्तर पटण्याजोगे होते, कारण मोगलांच्या चाकरीत मराठे सरदार आणि त्यांची पथके खरोखरच होती. मराठी बोलणारा, मराठी पागोटे घातलेला हत्यारबंद माणूस त्या छावणीत रोज दिसत असे. शिवाय रमजानचा महिना होता, दिवसभराच्या उपासानंतर रात्री जेवून पहारे सुस्तावलेले होते. माझ्या मते सोंगाचे यश कपड्यांपेक्षा या परिस्थितीत आहे, आणि डावात आणायची आहे ती हीच परिस्थिती.

मांडणी अशी करा. पाटाच्या मध्यभागी महाल, भोवती तीन कडी आणि प्रत्येक कड्यावर चार चौक्या. बाहेरून आठ तुकड्या आत येणार. सगळ्या तुकड्यांत एकाच साच्यातले, एकाच रंगाचे मावळे घ्या आणि तळाला चिठ्ठी चिकटवा. दोन तुकड्या महाराजांच्या, सहा खरोखर मोगलांच्या चाकरीतल्या. आठही तुकड्या पंचच हलवतो. मराठा खेळाडू आपल्या दोन तुकड्यांचे हुकूम कागदावर लिहून त्याच्याकडे देतो. उरलेल्या सहांना पंच त्याच चालीने आत आणतो, नाहीतर फिरण्यावरूनच खरे-खोटे ओळखू येते.

खान खेळणारा चौकीजवळून जाणाऱ्या तुकडीला हटकू शकतो. पंच पुस्तकाच्या आडोशाला फासा टाकतो. तुकडी खरी असेल तर आकडा काहीही पडो, तो ‘जाऊ द्या’ म्हणतो. खोटी असेल आणि १ ते ४ पडले तरीही ‘जाऊ द्या’. फक्त ५ किंवा ६ पडल्यावर सोंग उघडे पडते. म्हणजे एका खोट्या तुकडीला तिन्ही कड्यांवर हटकले, तर तिच्या निभावण्याची शक्यता साधारण तीस टक्के उरते. खानाला ‘जाऊ द्या’ ऐकून खात्रीने काहीच कळत नाही, आणि खरी गंमत इथेच आहे.

पण एवढ्यावर थांबलात तर डाव फसेल, कारण खान प्रत्येकाला हटकत बसेल. प्रश्न विचारण्याची किंमत ठेवलीच पाहिजे. साऱ्या डावात हटकायच्या संधी पाचच द्या, आणि हटकणारी चौकी पुढची एक पाळी अडकून पडू द्या. वेषांतराचे जे नियम मी पाहिले, त्यांत बहुतेक वेळा हीच गोष्ट राहून जाते आणि मग सोंगाला काही अर्थच उरत नाही.

पहिला वार झाला की सोंग संपले, चिठ्ठ्या उलटायच्या. त्या रात्री मराठ्यांनी नौबत वाजवायला लावली आणि त्या गदारोळात खानाच्या लोकांना एकमेकांचे हुकूम ऐकू येईनात. म्हणून वार झाल्यावर तीन पाळ्या खानाला फक्त एकच चौकी हलवता येईल. मराठा खेळाडूने बाराव्या पाळीच्या आत महाल गाठून पुन्हा बाहेर पडायचे. खान वाचला तरी चालेल. प्रत्यक्षातही तो वाचला, त्याची बोटे तुटली, मुलगा अबुल फत्ह मारला गेला आणि औरंगजेबाने त्याला बंगालमध्ये पाठवले.

हा डाव हाताशी आला की पन्हाळा मांडा. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज विशाळगडाकडे निसटले, तेव्हा शिवा काशीद त्यांच्या वेषात दुसऱ्या पालखीत बसले, अशी परंपरा सांगते. इथे दोन पालख्या आणि दोन चिठ्ठ्या पुरतात. पालखी पकडल्यावर पंचाने चिठ्ठी लगेच उलटायची नाही, दोन पाळ्या थांबायचे. काशिदांनी प्राण देऊन मिळवला तो हाच वेळ, आणि पाटावर त्याची किंमत विशाळगडाकडे गेलेल्या अंतरात मोजता येते.

एक पथ्य मात्र पाळा. डावात वेषांतर असू शकते हे समोरच्याला आधी सांगा, फक्त कुठे ते सांगू नका. पहिल्या डावाला घरातल्या थोरल्या माणसाला पंच करा आणि डाव संपला की बाजू बदला. खानाच्या बाजूने एकदा तरी खेळाच.